आईचा आणि माझा एकच आयडी

आईच्या छातीत गाठ आहे हे सगळ्यांत आधी तिच्या फोनला कळलं. मला ते सात महिन्यांनी कळलं. मधल्या काळात ती गाठ माझ्याही फोनमध्ये येऊन गेली, एकदा नाही, कितीतरी वेळा, आणि दर वेळी मी ती अंगठ्यानं बाजूला सारली. आई आता नाही. हे लिहिताना माझा मलाच राग येतो. तसा मला राग लवकरच येतो, आणि घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. घरात म्हणजे आई आणि मी, दोघीच.

बाबा किनवटला सागवानाच्या आरा मशीनवर कामाला होते. मी बारावीत असताना ते गेले. त्यानंतर आईनं इस्लापूरजवळच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं आणि शेवटपर्यंत तेच केलं. दीडशे-दोनशे मुलींची पोळी-भाजी. तिच्या हातात इतकं बळ होतं की वरणाचं भरलेलं पातेलं ती एकटी चुलीवरून खाली घ्यायची आणि वर पुन्हा कोणाला तरी ओरडायची, की बाजूला हो, सांडंल अंगावर.

मी लातूरला असते. पोरांना डॉक्टर करून देणाऱ्या एका क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करते. जीवशास्त्र माझ्याकडे आहे. खालीलपैकी कोणती ग्रंथी, खालीलपैकी कोणत्या पेशी, असं दिवसभर चालतं. टाइप करताना अक्षरं बघायची असतात, अर्थ बघत बसलं तर संध्याकाळपर्यंत एक पेपर पुरा होत नाही. ही सवय पुढे मला फोन बघतानाही लागली असावी.

त्या दिवाळीत मी नवा फोन घेतला आणि जुना आईला दिला. काचेला कोपऱ्यात तडा होता, त्यावर चिकटपट्टी लावली. तिचं सिम टाकलं, अक्षरं मोठी केली, भाषा मराठी केली. आयडी मात्र माझाच राहू दिला. नवा काढायचा म्हणजे जन्मतारीख आली, पासवर्ड आला. आईची जन्मतारीख एक जून, म्हणजे शाळेतल्या गुरुजींनी ठोकून दिलेली, आणि पासवर्ड ती दुसऱ्या दिवशी विसरणार हे नक्की. शेवटी मलाच निस्तरावं लागणार. आणि खरं सांगायचं तर, आईला स्वतःच्या नावाचा आयडी कशाला पाहिजे, असंच मला वाटलं होतं. ती बघून बघून काय बघणार? बुद्धवंदना, भीमगीतं, नाहीतर पापड कसे करायचे ते.

फोन दोन होते, एक इस्लापूरला आणि एक लातूरला, पण त्या व्हिडिओच्या ॲपच्या लेखी आम्ही दोघी मिळून एकच बाई होतो. त्या बाईची आवड बघून ते तिला पुढचं दाखवायचं. त्यामुळे आईला फळ्यासमोर उभे राहून समीकरणं सोडवणारे मास्तर दिसायला लागले आणि मला लोणची दिसायला लागली. सुरुवातीला आम्हाला याची गंमत वाटायची. आई फोन करून सांगायची, एक पोरगं फळ्यावर लिहून राहिलंय, लई हुशार हाय, पण मला काई समजत न्हाई. मी म्हणायचे, मग कशाला बघतेस? तर म्हणायची, एवढं जीव तोडून सांगून राहिलंय, अर्ध्यावर कसं बंद करावं.

तिला लिहून शोधायला जमत नसे. चौथीपर्यंत शिकली होती, वाचायची, पण त्या बारक्या पाटीवर अक्षर सापडेपर्यंत तिचा दम निघायचा. म्हणून मी तिला माइकचं चिन्ह दाखवलं. ती फोन पिठाच्या डब्यावर उभा करायची, दोन पावलं मागं सरकायची आणि तलाठ्यासमोर बोलावं तशी बोलायची. आधी ‘अहो’ आणि शेवटी ‘सांगा’. अहो, आंबाडीची भाजी चिकट होते काय करावं सांगा. मी खूप हसले होते. मशीन आहे ते, त्याला ‘अहो’ काय करतेस, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, मदत मागून राहिलो तर नीट मागावं.

व्हिडिओच्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात, तेही मी तिला दाखवले होते. ते दाबले की ‘स्वारस्य नाही’ असं येतं. तिनं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, स्वारस्य म्हणजे काय गं? मी म्हटलं, आवड, रस. आपल्याला नको असेल ते इथं दाबायचं, म्हणजे तसलं पुन्हा येत नाही. तिला ते पटलं नाही. समोर माणूस बोलून राहिलं अन् त्याच्या तोंडावर नको म्हणायचं, हे तिला जमणारं नव्हतं. तिनं ते कधी दाबलंच नाही. दाबणारी मी होते.

थंडीत माझ्या फोनमध्ये गाठी यायला लागल्या.

पहिल्यांदा आली ती साडीच्या पदराची गाठ, मग जनावराच्या दाव्याची, एका हातानं मारायची. मग पाडव्याच्या साखरेच्या गाठी घरच्या घरी, आणि गाठी-शेव हलवायासारखी. मला वाटलं, आईला नवीन काहीतरी खूळ लागलंय. पण त्याच्या मागोमाग लग्नगाठी यायला लागल्या. योग्य जोडीदार कसा ओळखावा. वय उलटून गेलेल्या मुलींच्या लग्नासाठी उपाय. वधू-वर मेळावा, नांदेड. मग माझ्या डोक्यात तिडीक गेली.

माझं वय तेव्हा चौतीस. लग्नाच्या विषयावरून आमच्यात जेवढं भांडण व्हायचं होतं तेवढं होऊन गेलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी मी तिला स्पष्ट सांगितलं होतं की आता स्थळ काढायचं नाही, आणि तिनंही ते मानलं होतं. आता ही माझ्या माघारी फोनमध्ये स्थळं बघते, असा मी अर्थ काढला. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईनं जेवणाच्या सुटीत माझ्या स्क्रीनवर वधू-वर मेळावा बघितला आणि मला चिमटे काढले. मग माझा पारा आणखी चढला. तसं बघितलं तर गाठ म्हणजे काय एवढंच विचारायचं होतं. रोज जीवशास्त्र टाइप करणाऱ्या बाईला तो शब्द नवा नव्हता. पण मला लग्नच दिसलं, कारण माझा राग लग्नाचा होता.

मी त्याच दुपारी जिन्यात उभी राहून आईला फोन केला. ती भांडी आवरत होती, मागं ताटांचा आवाज येत होता. मी म्हटलं, तू फोनमध्ये काय काय शोधतेस ते मला इकडे कळतं, हे तुला माहीत आहे ना? ताटांचा आवाज थांबला.

तिनं विचारलं, “काय काय दिसतं गं तुला?”

“सगळं दिसतं,” मी म्हटलं.

खरं तर मला सगळं दिसत नव्हतं. मी कधी हिस्टरी उघडलेली नव्हती. मला दिसत होते ते तिच्या बोलण्यावरून ॲपनं काढलेले अंदाज. पण रागाच्या भरात माणूस मोठं बोलतो. आई बरं म्हणाली आणि भाजीला फोडणी द्यायची आहे असं सांगून तिनं फोन ठेवला. मला वाटलं, चोरी पकडली. मी खूश होऊन जिना चढले.

त्यानंतर मी साफसफाई काढली. बसस्टॉपवर, चहाच्या टपरीवर, प्रिंटर गरम होईपर्यंत, जेव्हा जमेल तेव्हा मी गाठींवर ‘स्वारस्य नाही’ दाबत गेले. त्यातच एक डॉक्टरीणबाई यायची. चष्मा, हिरव्या काठाची सुती साडी, टेबलावर प्लॅस्टिकची एक प्रतिकृती, आणि हळूहळू, समजावून बोलणं. तिच्या व्हिडिओवर लिहिलेलं असायचं, छातीतील गाठ, घाबरू नका पण लपवू नका. मला वाटलं, जीवशास्त्राच्या पेपरासाठी मी कधीमधी काहीबाही शोधते, त्याच्यामुळे ही येत असणार. सकाळी सकाळी असलं अभद्र नको, म्हणून मी तिलाही नको केलं. ती पुन्हा आली. पुन्हा नको केलं. तिसऱ्या वेळी मी त्याच्याखालचं दाबलं, या चॅनलची शिफारस करू नका. ते दाबताना मी रिक्षात होते आणि मला घाई होती, हे मला चांगलं आठवतं.

मध्येच ‘मुलीला पाळीबद्दल कसं सांगावं’ असेही चार-पाच व्हिडिओ आले. मला हसू आलं. वसतिगृहातल्या मुलींसाठी बघत असेल, असं वाटलं. तरी तेही काढले.

मग काढून रिकाम्या झालेल्या जागेत मी आईसाठी चांगलं काय ते भरलं. मुद्दाम वंदना लावून ठेवायची, भीमगीतं लावायची, खानदेशी भाज्या, गुडघ्याचे व्यायाम. न बघता नुसतं चालू ठेवायची, म्हणजे ॲपला कळेल की या बाईला हे आवडतं. महिन्याभरात दोन्ही फोन स्वच्छ झाले. मी आईला फोनवर विचारलं, आता चांगलं येतं ना? ती म्हणाली, हाव, चांगलं येतं. वंदना लई येतात. आवाजात काही नव्हतं, निदान मला ऐकू आलं नाही.

एप्रिलमध्ये जयंतीला मी गावी गेले. आईनं दोघींसाठी पांढऱ्या साड्या काढून ठेवल्या होत्या. मिरवणूक संध्याकाळी होती. दुपारी जेवणं झाल्यावर मी खाली सतरंजी अंथरून साड्यांना इस्त्री करत होते आणि आई भिंतीला टेकून बसली होती. तिचा एक हात पदराखाली होता. आता आठवताना तो हात मला दिसतो. तेव्हाही तो डोळ्यांपुढेच होता.

मग तिनं विचारलं, “तू बघितलंस ना, मी फोनात काय काय इचारलेलं?”

मला वाटलं, आला विषय. जयंतीच्या दिवशी भांडण नको म्हणून मी आवाज खाली ठेवला.

“बघितलं.”

“मंग?”

“मग काय? तू समजतेस तसं काही नाही. डोक्यातून काढून टाक.”

“न्हाई ना काई?”

“नाही म्हटलं ना. असतं काही, तर मीच सांगितलं असतं की तुला.”

मी माझ्याबद्दल बोलत होते. माझ्या मनात कोणी असता तर मी सांगितलं असतं, असं मला म्हणायचं होतं. आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, हाव, तेबी खरंच हाय. तिनं पदराखालचा हात बाहेर काढला, गुडघ्यावर जोर देऊन उठली आणि चहा ठेवला. चहात त्या दिवशी तिनं वेलदोडा टाकला होता. संध्याकाळी ती मिरवणुकीत चालली, चौकात बायकांबरोबर नाचलीसुद्धा. कितीतरी वर्षांत मी तिला नाचताना बघितलं नव्हतं. मला बरं वाटलं होतं. चला, हिच्या डोक्यातून माझं लग्न गेलं एकदाचं, असं मी मनात म्हटलं.

जुलैमध्ये वसतिगृहाच्या अधीक्षक मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, तुमच्या आईला पातेलं उचलत नाही, पंधरा दिवस झाले, मुली उचलून देतात. हात सुजलाय. विचारलं तर म्हणते, काही नाही, माझ्या लेकीनं बघितलंय. हे ‘लेकीनं बघितलंय’ मला कळलं नाही. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघाले.

आईनं मला ब्लाउज काढून दाखवलं तेव्हा ती लाजत होती. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, आता जरा वाढलंय. गाठ म्हणावी असं ते राहिलेलंच नव्हतं. कातडी ओढली गेली होती आणि एका जागी फुटून ओलं झालं होतं. तिथं तिनं जुन्या सुती साडीची घडी ठेवली होती, स्वच्छ धुतलेली. मला एकदम ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही. इतके दिवस सांगितलं का नाहीस, म्हणून ओरडले. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काहीतरी विचित्रच बोलले होते. माझ्या रागापुढे गप्प बसायची तिला सवय होती.

आम्ही रेल्वेनं नांदेडला गेलो. खिडकीजवळ बसून ती बाहेरचं रान बघत होती. सोबत तिनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. दवाखान्यात जायचंय, तिथं काय मिळतं कोणाला ठाऊक, असं म्हणत भोकर स्टेशन यायच्या आधी मला तिनं जेवायला लावलं.

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि आईला विचारलं, मावशी, किती दिवस झाले हे लक्षात येऊन? आईनं माझ्याकडे बोट केलं.

“हिला इचारा. हिला समदं माहीत हाय. माझ्या फोनातलं समदं हिला दिसतं.”

डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत काय होतं ते मी सांगू शकते, पण सांगणार नाही. मी म्हटलं, सहा-सात महिने. तो आकडा माझ्या तोंडून कसा आला ते मला कळलं नाही. गाठी पहिल्यांदा फोनमध्ये आल्या तेव्हापासूनचे ते महिने होते.

आईला आत फोटो काढायला नेलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून हिस्टरी उघडली. जे बघितल्याचं मी सात महिने सांगत होते ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. माझ्या प्रश्नपत्रिकांच्या शोधांच्या मधेमधे आईचं बोलणं जसंच्या तसं उमटलेलं होतं.

अहो गाठ आली काय करावं सांगा.

यावर ॲपनं तिला साडीचा पदर आणि जनावराचं दावं दाखवलं होतं. आईनं दोन्ही शेवटपर्यंत बघितले होते. अर्ध्यावर कसं बंद करावं.

अहो तशी नाही अंगातली गाठ सांगा.

अहो बाईच्या छातीत गाठ आहे दुखत नाही सांगा.

इथं ती डॉक्टरीणबाई सापडली होती. तिचा तो एक व्हिडिओ आईनं पुन्हा पुन्हा बघितला होता, सकाळी कामावर जायच्या आधी आणि दुपारी आल्यावर.

अहो नांदेडला बाई डॉक्टर पाहिजे बाईच पाहिजे सांगा.

आणि मग, माझ्या त्या जिन्यातल्या फोनच्या आदल्या दिवशी:

अहो पोरीला कसं सांगावं सांगा.

त्याचं उत्तर म्हणून त्यानं पाळीचे व्हिडिओ दिले होते. तेच, मी हसून काढले ते.

जयंतीनंतर गाठ हा शब्द एकदाही नव्हता. आंबाडी होती, गुडघे होते, वंदना होत्या. मी बाकावर बसून ती यादी वरखाली करत राहिले. बाजूला एक आजोबा पेपर वाचत होते, त्यांनी मला पाणी हवं का असं विचारलं. मी नको म्हटलं.

पुढचं सगळं लातूरला झालं, माझ्याजवळ राहता यावं म्हणून. तपासण्या, सलाइनमधून द्यायची औषधं, केस जाणं, तोंड येणं. ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांना ते सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता आपण त्रास कमी करायचं बघतोय. लवकर आला असता तर, असं ते म्हणाले नाहीत. ते सभ्य होते. मीच रोज म्हणत होते.

आईला खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं. मी काहीच बघितलं नव्हतं, मी माझ्या लग्नाबद्दल बोलत होते, आणि ती डॉक्टरीणबाई मी घालवली, एवढं तीन वाक्यांत सांगायचं होतं. आंघोळ करताना, रस्त्यानं चालताना मी ती वाक्यं म्हणून बघायचे. पण तिच्यासमोर गेले की मी गोळ्यांची वेळ विचारायचे, पेज घेतेस का विचारायचे. मी भित्री निघाले. जन्मभर चढ्या आवाजात बोलले, त्याचा या कामी काही उपयोग झाला नाही.

त्या बाईला मात्र मी परत आणलं. नकार दिलेल्या चॅनलांची यादी कुठं तरी खोल असते, ती शोधून काढून मी एका रविवारी तो नकार पुसला, आणि आईच्या फोनवर तो व्हिडिओ लावून दिला. आईनं लगेच ओळखलं. तिचा चेहरा उजळला.

ती म्हणाली, ही बाई मधी यायची बंद झालती. लई चांगलं सांगायची. मला वाटलं, आपलं मिटलं म्हणून ती आता यीना.

मी खिडकी लावायला उठले. खिडकी लावलेलीच होती.

आईनं तो व्हिडिओ पूर्ण बघितला. बाई सांगत होती की गाठ दुखत नसली तरी दाखवायला जा, दुखत नाही म्हणून थांबू नका. आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. संपल्यावर तिनं फोन छातीच्या दुसऱ्या बाजूला ठेवला, जी दुखत नव्हती त्या बाजूला, आणि माझ्याकडे वळली. आवाज आता फार बारीक झाला होता.

“खरं सांग. हे तू समदं बघितलं व्हतंस ना तवा?”

तीन वाक्यं माझ्या तोंडाशी आली. ती बोलले असते तर मी हलकी झाले असते, आणि तिला कळलं असतं की ते सात महिने ती पिठाच्या डब्यासमोर एकटीच उभी राहून बोलत होती आणि कोणीही ऐकत नव्हतं. नाही बोलले, तर मी अशी लेक ठरत होते जिनं सगळं बघितलं आणि काही केलं नाही. मी तिच्या हातावरची सूज बघत राहिले.

“हो,” मी म्हटलं. “बघितलं होतं.”

आईनं डोळे मिटले. मला वाटलं, आता ती विचारेल की मग बोलली का नाहीस.

“मंग बरं,” ती म्हणाली. “मला मधी मधी वाटायचं, मी एकलीच बघून राहिले का काय.”